बोडीच्या वाटेवरचं कुंपण

आत्या, परवा तुझी तेरवी झाली. सगळं गाव जेवून गेलं. श्रावणात ज्या बायांनी तुझ्या धानाच्या बांधीत पाय टाकला नाही, त्याही आल्या, ओळीनं बसल्या आणि भात पुन्हा मागून घेतला. मी वाढत होते. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. वाढताना पत्रावळीकडे बघावं लागतं, माणसाच्या तोंडाकडे नाही, हे मला सोयीचं वाटलं.

तुझ्याबद्दल काही लिहून ठेव, असं बाबांनी सांगितलं. तू त्यांची थोरली बहीण. तुझं लग्न, तुझं वैधव्य, सासरच्या दोन बांध्या तू एकटीनं कशा सांभाळल्यास, ते सगळं त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ते त्यांनी लिहावं. मी कुंपणाबद्दल लिहिते, कारण त्यातलं जे मला ठाऊक आहे ते मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही.

नाताळच्या सुट्टीत मी नागपूरहून मिशनच्या शाळेतून आले, तेव्हा तू गोंदियाला आमच्याच घरी उतरली होतीस. बाबा स्टेशनात तारबाबू. लहान गाडीच्या लाइनीवरचे जुने सिलपाट, म्हणजे रुळांखालचे लाकडी ठोकळे, बदलून झाले आहेत आणि एका ठेकेदारानं ते उचलले आहेत, ही बातमी तुला त्यांच्याकडूनच मिळाली होती. तुझ्या घरामागच्या भाजीच्या बाडीची बोडीकडची, म्हणजे गावतळ्याकडची, बाजू उघडी होती. दर वर्षी तिथं बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण लागायचं आणि उन्हाळा संपेपर्यंत ते निम्मं चुलीत गेलेलं असायचं, निम्मं बकऱ्यांनी पाडलेलं. लढाईमुळे तार मिळत नव्हती. मिळाली असती तरी तू घेतली नसतीस.

ठेकेदाराच्या वखारीत तू एकेक सिलपाट दगडानं ठोकून कान लावून ऐकत होतीस. भरीव आवाज आला की बाजूला काढायचीस, पोकळ आला की पायानं ढकलायचीस. मला लाज वाटत होती. मी दारापाशी उभी होते. ठेकेदाराचे मुनीमजी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, लकड़ी ले रही हो या दामाद देख रही हो?"

"दामाद रहता तो इतना नहीं ठोकती," तू म्हणालीस. "दामाद तो जैसा मिला वैसा रखना पड़ता."

वखारीतले हमाल हसले. मुनीमजीही हसले. तुझे अकरा सिलपाट निघाले. बाराव्याला तू दोनदा ठोकलंस, कान लावलास आणि सोडून दिलंस. "याच्या पोटात वाळवी हाय," म्हणालीस. तेव्हा मला ते दाखवण्यापुरतं वाटलं. मुनीमजींनी उगाच त्याच्यावर कुऱ्हाड घातली, तर आतून भुसा पडला.

राइस मिलमधून तू झिजलेल्या जाळ्या आणल्यास, तांदूळ सडायच्या यंत्रातल्या, बारीक लांबट भोकांच्या. त्यांचं कोणी काही करत नव्हतं. मिलचा तुटलेला चामडी पट्टा आणलास, फाटकाच्या बिजागऱ्यांसाठी. इंजिनाचं काळं, वापरून झालेलं तेल एका रॉकेलच्या डब्यात आणलंस. ते तुझ्या गावाला निघालेल्या बैलगाडीत माझ्या पायाशी होतं आणि दवनीवाड्याच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला माझ्या पायावर उडत होतं. मी पाय आखडून घेतले. तू म्हणालीस, "पाय सडणार नाही आता तुहा."

मी विचारलं होतं, नवं लाकूड का घेत नाहीस. घराजवळ सागाची दोन झाडं होती. तू म्हणालीस, "नवं लाकूड वाकते. हे वाकून झालं." पुढं तीन दिवस मी तुझं काम बघत राहिले. सिलपाटांची खाली पुरायची टोकं तू गोवऱ्यांच्या विस्तवात काळी होईपर्यंत भाजलीस. खिळ्यांच्या जुन्या भोकांत कडुनिंबाच्या खुंट्या ठोकल्यास, मुंग्या शिरू नयेत म्हणून. मग तेल. शाळेत आम्हांला पुस्तकात जे काही शिकवलं जातं, त्यात वस्तूंना आधीचं आयुष्य नसतं. लाकूड म्हणजे लाकूड, लोखंड म्हणजे लोखंड. तुझ्याकडे सिलपाटाची कुठली बाजू रुळाखाली होती आणि कुठली खडीत, याला महत्त्व होतं. हे मी तुझ्याकडून घेतलं. याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, काय झालं या पोरीले.

आता चुकीकडे येते.

काट्यांचं कुंपण तुझ्या जमिनीच्या हद्दीवर कधीच नव्हतं. ते कोपऱ्यात आत वळायचं आणि वळणाबाहेरून गावची ढोरं बोडीवर पाणी प्यायला जायची. तू तसंच वळवणार होतीस. मी खड्ड्यांच्या जागा बघितल्या आणि मोजून सांगितलं की वळण घेतलं तर चार सिलपाट कमी पडतात. सरळ गेलं तर अकरा बरोबर पुरतात.

"मंग चार जागी काटे लावू," तू म्हणालीस.

"म्हणजे दर वर्षी पुन्हा तेच. मग एवढं सगळं आणलंस कशाला?"

"अन् ढोरं?"

"रस्त्यानं फिरून जातील. आत्या, पटवाऱ्याच्या नकाशात ही वाट नाहीच. मी बाबांकडचा कागद बघितलाय. हा कोपरा आपला आहे."

"नकाशात ढोरं दिसून राहिले का तुले?"

मी हसले, पण थांबले नाही. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे मी तुला मराठीत सांगायचा प्रयत्न केला. मला शब्द नीट सापडत नव्हते, म्हणून मी रस्सी घेतली, एक टोक घराच्या भिंतीपाशी बांधलं, दुसरं हद्दीच्या धुऱ्यावरच्या दगडाला, आणि ताणून दाखवलं. मग काठीनं मातीत वळण काढलं आणि पावलांनी दोन्ही मोजलं. मी खूप बोलले. तू हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत होतीस. रस्सीकडे नाही, माझ्याकडे.

त्या वेळी मला वाटलं, तुला पटलं. आता वाटतं, तसं नसावं. मी तुझ्याकडे लहानपणापासून येत होते आणि विचारल्याशिवाय बोलत नव्हते. आईला तू एकदा म्हणाली होतीस, पोरगी चांगली हाय, पण तोंडात पाणी धरून बसली वाटते. त्या दिवशी मी पहिल्यांदाच स्वतःहून सलग बोलले आणि हट्ट धरला. तो मोडावा असं तुला वाटलं नसेल.

"होय नं बाप्पा," तू म्हणालीस. "तुही रस्सी."

सरळ रेषेवर अकरा खांब उभे राहिले. खाली मिलच्या जाळ्या, वर फोडलेला बांबू. ते गावातलं पहिलं कुंपण होतं जे दुरून एका रेषेत दिसायचं. मला त्याचा अभिमान वाटला, हेही लिहायला हवं.

काट्यांच्या कुंपणाचं एक मला तेव्हा कळलं नाही. ते दर वर्षी मोडतं, म्हणून दर वर्षी माणसं ते पुन्हा घालतात आणि घालताना शेजाऱ्याशी बोलतात. मागच्या वर्षी चुकलं असेल तर यंदा हातभर सरकतं. सिलपाटाचं साल झाडाचं लाकूड भाजून, तेल पाजून पुरलं की चूकही तितकीच टिकते.

वैशाखात मी आले तेव्हा बोडीचं पाणी खाली गेलं होतं. ढोरांना रस्त्यानं वळसा घालून पलीकडच्या उभ्या काठानं उतरावं लागत होतं. तिथं दसरूकाकांची म्हैस घसरली आणि तिचा पुढचा पाय मोडला. दसरूकाका तुझे शेजारी, धुऱ्याला धुरा लागलेला. त्यांची एकच दुभती म्हैस होती. ती आठ दिवस गुरांच्या कोठ्यात ओरडत होती, ते तुझ्या ओसरीवर ऐकू यायचं. मग थांबलं.

मोहाच्या झाडाखाली बैठक बसली. बाया मागं बसल्या होत्या, मी तुझ्या पाठीशी. दसरूकाका चिडले नव्हते, थकलेले होते.

"भागरताबाई, ही लाइन कोणं काढली?"

"मी काढली."

"रस्सी लावून?"

"हो."

"तू?"

"काऊन? मले हात नाही का?"

कोणी तरी हसलं. दसरूकाका हसले नाहीत. "तुह्या सासऱ्याच्या वेळेपासून ढोरं तिथून जाऊन राहिले. आता कायले बंद केलं?"

आणि तू म्हणालीस, "नकाशात वाट नाही. पटवाऱ्याच्या कागदात तो कोपरा माहा हाय."

माझं वाक्य होतं ते. तू ते घोकून ठेवल्यासारखं बोललीस. मी तुझ्या पाठीकडे बघत होते. लुगड्याचा पदर तू मानेवरून घट्ट ओढून घेतला होतास. मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, छोटं होतं, चार शब्दांचं. इतके पुरुष, इतक्या बाया, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं असतं. मी बघितलं जाण्याला घाबरते, हे तुला माहीत होतं. मी वाट बघत राहिले की कोणी तरी मला विचारेल. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते.

"मंग वाकवणार नाही?"

"नाही."

"बरं," दसरूकाका म्हणाले आणि उठले. बैठक तेवढीच झाली.

घरी येताना तू पुढं चालत होतीस. मी मागून. फाटकाशी तू विचारलंस, "भूक लागली का?" मी म्हटलं, नाही. ते खोटं होतं. तू भाकरी टाकलीस, मी खाल्ली. आपलं त्या विषयावरचं बोलणं एवढंच. दुसऱ्या दिवशी मी काही तरी बोलेन असं तुला वाटलं होतं का, हे मला आता विचारता येत नाही.

रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची, बातमी मला बाबांच्या पत्रातून कळली. धानाचा रोवणा इथं कोणी एकटं करत नाही. आज दहा बाया तुझ्या बांधीत, उद्या तू त्यांच्या. यंदा तू सगळ्यांच्या बांधीत गेलीस आणि तुझ्या बांधीत कोणी आलं नाही. बाबांनी लिहिलं होतं की ते दोन दिवस रजा घेऊन गेले, पण त्यांचे हात आता तारेच्या यंत्राचे झाले आहेत. एक बांधी वेळेवर झाली. दुसरीचे पऱ्हे, लावायची रोपं, वाढून पिवळे पडेपर्यंत तू एकटी वाकून लावत होतीस. मी ते पत्र शाळेच्या वसतिगृहात वाचलं, घडी करून भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं आणि उत्तरात हवापाणी लिहिलं.

तू त्यामुळे गेलीस असं मी म्हणत नाही. कोणीच म्हणत नाही. आश्विनात ताप सगळ्या गावात होता.

मी आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरात बायांची गर्दी होती, म्हणून मी कोठ्यामागं जाऊन उभी राहिले. तिथं भिंतीला टेकून चार वस्तू उभ्या होत्या: बॉयलरची गंजलेली नळी, अर्धा सिलपाट, बैलगाडीची जुनी दांडी आणि कुठल्या तरी पडक्या घराच्या दाराची चौकट. पहिल्या तिन्हींची टोकं साफ केलेली होती. दांडीचं टोक भाजलेलंही होतं.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "नळी मीच पाठवली, पोळ्याच्या सुमारास. चार खांब कमी आहेत म्हणाली. कशाला, ते सांगितलं नाही."

मला सांगायची गरज नव्हती. वळणाला चारच कमी पडत होते, ते मीच मोजलं होतं. तू कुंपण वाकवायला निघाली होतीस. दसरूकाकांसमोर नाही म्हणालीस, रोवणा एकटीनं केलास आणि मग कोणाला न कळवता चार खांब गोळा करत बसलीस. हे मला समजतं असं मी म्हणणार नाही. आपलं भांडण झालं असतं तर मी विचारलं असतं: वाकवायचंच होतं तर आधी का नाही? तू काही तरी उत्तर दिलं असतंस ज्यानं माझं समाधान झालं नसतं. कदाचित तुला वाटलं असेल की मी पुन्हा सुट्टीला येईन आणि माझ्या हातानं रस्सी सोडेन. कदाचित नळी उशिरा मिळाली, एवढंच असेल.

तेरवीच्या दिवशी जेवणं झाली. पुरुष अंगणात पान खात होते, बाया खरकटं काढत होत्या. दसरूकाका खाटेच्या कडेला बसले होते. मी हातातला भाताचा टोपला खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

"काका, ती लाइन मी आखली होती. आत्यानं नाही."

त्यांनी पान गालात सरकवलं. "मालूम हाय."

"आत्यानं सांगितलं?"

"तिनं कायले सांगावं? भागरताबाईनं जलमात एक धुरा सरळ घातला नाही. तिची चूलबी वाकडी." आजूबाजूला दोघे-तिघे हसले. मग त्यांनी तुझीच नक्कल केली, पण मायेनं: "नकाशात वाट नाही म्हणे. तिनं नकाशा कवा पायला?"

मी म्हटलं, "मग तुम्ही मला का नाही विचारलं?"

 उत्तर दिलं ते पार्बताकाकूंनी, त्यांच्या बायकोनं. राखेचा हात लुगड्याला पुसत म्हणाल्या, "पोरी, आमी वाट पाहून राहिलो होतो नं. तू तिथंच होतीस. तू बोलशील, तुही आत्या दोन शिव्या देईल तुले, अन् झालं. पण ती म्हणते, मी काढली, अन् तू गप. सगळ्या गावासमोर ती खोटं बोलून राहिली अन् आमाले येडं समजून राहिली. त्याचा राग आला. लाइनीचा नाही."

 मी खाली ठेवलेला टोपला उचलला.  बायांच्या बाजूला भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. पार्बताकाकू म्हणाल्या, "आमी बी चुकलो. रोवण्याले येऊ शकत होतो." ते त्यांनी मला म्हटलं की तुला, ते कळलं नाही. त्या तुझ्या बांधीकडे बघत होत्या. दुसरीतलं धान अजून हिरवंच आहे, लोंबी आखूड.

काल सकाळी मी पहार घेऊन बाडीत गेले. मला वाटलं होतं मी एकटीच असेन. दसरूकाका आधीच तिथं बसले होते, आणखी तिघे जण होते. कोणी बोलावलं नव्हतं. कोपऱ्यातले तीन सिलपाट काढायला त्यांना दुपार झाली. एक जण घाम पुसत म्हणाला, "बाईनं काय पुरलं का पेरलं?" बुंध्याची काळी टोकं बाहेर आली तेव्हा दसरूकाकांनी नखानं खरवडून बघितली आणि मान हलवली. एवढी स्तुती तुला जिवंतपणी त्यांच्याकडून मिळाली नसती.

चौकटीचं लाकूड ठोकून बघितलं, मी कान लावून. पोकळ होतं. त्यांनी आधी माझ्याकडे विचित्र बघितलं, मग फोडून बघितलं. पुन्हा एक खांब कमी. दसरूकाका घरी गेले आणि कोठ्यातला दावणीचा खांब खांद्यावर घेऊन आले. मोहाचा, मधे दाव्यानं घासून खोल खाच पडलेली. "म्हैस नाही, तं हा उभा राहून काय करते," म्हणाले. मी त्याचं टोक गोवऱ्यांवर भाजलं. तेलाचा डबा तू चुलीमागं ठेवला होतास, तळाशी थोडं होतं. तेवढं पुरलं.

कुंपण आता वाकलेलं आहे. जाळ्या एकमेकींना नीट लागत नाहीत, नळी सिलपाटांपेक्षा वीतभर उंच आहे. मी अजून तुझ्यावर थोडी रागावलेली आहे, की तू मला वाचवलंस. ते मी मागितलं नव्हतं. पण नको असंही म्हटलं नाही.

आज ढोरं पहिल्यांदा त्या वाटेनं बोडीवर गेली. शांतपणे, ओळीनं गेली, असं लिहिलं असतं तर चांगलं दिसलं असतं. एका वासरानं जाळीच्या फटीतून मान घातली आणि तुझी दोन वांगी मुळासकट ओढली. मी धावले. तू ढोरांना जी शिवी द्यायचीस, जी ऐकून आई मला घरात बोलवायची, ती मी दिली. मोठ्यानं दिली. रस्त्यावरच्या बाया थांबून बघू लागल्या. मी पुन्हा दिली, वासरू मागं फिरेपर्यंत.